कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर : शाळेतून कलामंदिराकडे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. त्यास अनुसरून ह्या वर्षी आम्ही ख्यातनाम चित्रकार कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. धुरंधर हे नाव पाठारे प्रभूंच्या घरांत अपरिचित आहे असे मुळीच नाही. किती तरी जुन्या घरांतील देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर लक्ष्मीची किंवा सरस्वतीची जी छापील तसबीर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली असते, तिच्या कोपऱ्यात नीट न्याहाळून पाहिले तर क्वचित त्यांची सही सापडते. परंतु नाव ठाऊक असणे वेगळे आणि त्या नावामागची वाटचाल ठाऊक असणे वेगळे. ह्या वर्षी ती वाटचाल सांगण्यास एक विशेष कारण आहे.

आम्ही मुंबईच्या मूळ वस्तीपासून दूर, भीमेकाठी कोरेगावास राहतो. पुणे–नगर रस्त्यावरील ह्या गावाच्या आसपास, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव ह्या भागात, कारखाने उभे राहिले आणि इकडच्या पालकांच्या डोळ्यांपुढे मुलांच्या भवितव्याची एक सरळ सडक तयार झाली : दहावी, मग आय. टी. आय. किंवा डिप्लोमा, मग कारखान्याच्या फाटकातून आत. सडक चांगली आहे. तिने पुष्कळ घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. तथापि ह्याच घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण होते, शाळेत कौतुक होते, दहावीच्या निकालात त्या श्रेणीचे वाढीव गुणही मिळतात. आणि दहावीचे वर्ष सरते न सरते तोच रंगाची पेटी माळ्यावर जाते ती कायमची. चित्रकला पुढे शिकता येते का, शिकून पोट भरते का, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरातील कोणी ती शिकले आहे का, असे प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर धुरंधरांच्या चरित्रात आहे, आणि पहिल्या दोहोंचेही बरेचसे तेथेच आहे.

महादेवरावांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरास झाला. शालेय शिक्षण तेथल्याच राजाराम हायस्कुलात झाले. त्या काळी आपल्या ज्ञातीची बहुतेक कुटुंबे मुंबईत, आणि लेखणी हेच ज्ञातीचे परंपरागत शस्त्र. सरकारी कचेरी, वकिली, संस्थानिकांकडील कारभार, व्यापारी पेढीवरील हिशेब ह्यांखेरीज प्रभूंच्या मुलाने पोटासाठी दुसरे काही करावे ही कल्पनाच रूढ नव्हती. मॅट्रिकची परीक्षा हा त्या वाटेवरचा नाका. तो ओलांडला की नोकरी, नोकरी लागली की लग्न, आणि मग वर्षे मोजीत पेन्शनपर्यंतचा प्रवास. आजच्या कारखान्याच्या फाटकाची आणि त्या वेळच्या कचेरीच्या दाराची जात एकच म्हणावी लागेल; दोन्ही ठिकाणी आत शिरणाऱ्याचे कल्याण होते, आणि बाहेर राहणाऱ्याविषयी घरातली माणसे रात्री जागून काळजी करतात.

कोल्हापूरचे वातावरण मात्र निराळे होते. राजाश्रयाचे शहर, गाणे, कुस्ती, मूर्तिकाम, चित्रकाम ह्यांना तेथे मानाचे स्थान होते. त्याच शहरातील आबालाल रहिमान हे महादेवरावांहून वयाने वडील. ते मुंबईस जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले होते आणि आपल्या हस्तकौशल्याने तेथे नाव मिळवून परतले होते. पुढे आबालालांनी कोल्हापुराबाहेर फारसे पाऊल टाकले नाही. रंकाळ्याच्या काठी आणि पंचगंगेच्या तीरी निसर्गचित्रे काढीत त्यांनी आयुष्य घालविले. परंतु एका गावातून एकजण कलाशाळेत जाऊन आला, की पाठीमागून येणाऱ्याला ती वाट अगदीच अनोळखी राहत नाही. लहान गावांत ह्या गोष्टीचे महत्त्व किती असते हे आम्ही येथे रोज पाहतो. ज्या शाळेतून पूर्वी कोणीच गेले नाही, त्या शाळेतील मुलाला कलामहाविद्यालय चंद्राइतके दूर वाटते, मग ते पुण्यात टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाइतके जवळ का असेना!

त्या काळी शाळांतील चित्रकलेची अवस्था काय होती हेही सांगितले पाहिजे. चित्रकला हा विषय हायस्कुलांत नुकताच रुजू लागला होता. इंग्लंडातील साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीच्या धर्तीवर मुंबई इलाख्यात श्रेणीवार ड्रॉइंग परीक्षा सुरू झाल्या होत्या, आणि त्यांची सूत्रे जे. जे. स्कूलकडेच होती. आज आपली मुले ज्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात त्यांचे कूळ तेथपर्यंत पोचते. ह्या परीक्षा घेण्यात सरकारचा हेतू कलावंत घडविण्याचा नव्हता. नकाशे काढणारे, इमारतींची रेखाटने करणारे, कारागिरांना नमुने देणारे आणि शाळांतून ड्रॉइंग शिकविणारे हात हवे होते. म्हणजे आरंभी चित्रकलेची परीक्षा हीसुद्धा एका तऱ्हेने नोकरीचीच पायरी होती. त्या पायरीवर उभे राहून कोणी आणखी वर पाहिले, ही गोष्ट निराळी.

महादेवरावांनी वर पाहिले. १८९० सालच्या जानेवारी महिन्यात त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षे पुरी होऊन तेवीशीकडे झुकले होते. ह्या आकड्याकडे वाचकांनी अंमळ थांबून पाहावे अशी आमची विनंती आहे. बावीस-तेवीस हे वय त्या काळी संसाराला लागलेल्या, चार पैसे घरी आणणाऱ्या पुरुषाचे. ह्या वयाच्या आपल्या ज्ञातीतील तरुणांनी कचेरीत खुर्ची धरलेली असायची. अशा वयात पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसावयाचे, आणि तेही अशा विद्येसाठी की जिच्यापासून पुढे काय मिळेल ह्याचा भरवसा देण्यास आपल्या ज्ञातीत एकही उदाहरण नामांकित नव्हते! आज पंधराव्या वर्षी मुलाचा एक निर्णय चुकला तर सारे आयुष्य वाया गेले असे मानणाऱ्या पालकांनी हा तेवीशीतील विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. ज्याला आपण उशीर म्हणतो तो पुष्कळदा आपल्या भीतीचाच हिशेब असतो.

आता ते ज्या शाळेत दाखल झाले तिच्याविषयी. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही संस्था सुरू झाली. १८६५ साली दोन इंग्रज शिक्षक तेथे आले : लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स. किपलिंग पुढे लाहोरास गेले. ग्रिफिथ्स मुंबईतच राहिले, संस्थेचे प्रमुख झाले, आणि १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे हिवाळ्यांमागून हिवाळे आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. त्यांपैकी पुष्कळशा नकला १८८५ साली लंडनमधील आगीत जळाल्या ही हानी मोठीच; पण ज्या विद्यार्थ्यांच्या हातून त्या झाल्या त्यांचे शिक्षण जळाले नाही. महादेवराव आले ते ह्या ग्रिफिथ्स साहेबांच्या अमदानीत, आणि त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षांत.

कलाशाळेतील शिक्षण म्हणजे स्फूर्ती आली की रंग उधळावयाचे, अशी जी समजूत आहे ती तेथे पहिल्या आठवड्यात उतरत असे. साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीत विद्यार्थ्याला प्रथम छापील नमुन्यांवरून केवळ बाह्यरेषा काढावी लागे. रेषा स्वच्छ, एकजिनसी, न थरथरणारी आली पाहिजे. मग भूमिती आणि यथार्थदर्शन. मग घन, शंकू, चौकटी ह्यांसारख्या वस्तू समोर ठेवून त्यांचे आकार. नंतर युरोपातून आणविलेल्या ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. त्यांवर पडणारा प्रकाश आणि त्यांच्या पाठीमागे सरकणारी छाया खडूने आणि कोळशाने दिवसेंदिवस घोटीत बसावयाचे. एकेका अभ्यासचित्रावर अनेक दिवस जात. हे सर्व झाल्यावर जिवंत माणूस समोर बसविला जाई, आणि तैलरंग हाती येत ते त्यानंतर. वर्षानुवर्षे हातात पेन्सिल, पण नाव घेण्यासारखे चित्र एकही नाही, अशा अवस्थेत टिकून राहावयास कलेच्या वेडापेक्षा गवंड्याची चिकाटी अधिक लागते.

ह्या शिस्तीवर पुढे टीका पुष्कळ झाली. हिंदुस्थानी मुलांना ग्रीक पुतळे गिरवावयास लावणे हा विपरीत प्रकार आहे असे कलकत्त्याच्या हॅवेल साहेबांनी आणि अवनींद्रनाथ टागोरांच्या अनुयायांनी म्हटले, आणि त्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु शिस्त ज्याच्या हाताला लागते तो ती कोठे वापरतो हेही पाहावे लागते. धुरंधरांनी ग्रीक देहांवर शिकलेली छायाप्रकाशाची विद्या भुलेश्वरच्या बाजारात फुले विकणाऱ्या बाईच्या दंडावर, कोळणीच्या टोपलीवर, गिरगावातल्या लग्नाच्या वरातीतील मशालींवर वापरली. ग्रिफिथ्स साहेबांचाही रोख आजूबाजूच्या माणसांकडे, त्यांच्या पेहरावाकडे आणि देशी इमारतींकडे पाहण्यावर होता. शिष्याने ती नजर उचलली आणि आयुष्यभर सोडली नाही.

आपल्या मुलांच्या इंटरमिजिएटच्या अभ्यासक्रमात स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती, यथार्थदर्शन व अक्षरलेखन हे विषय असतात. पैकी स्मरणचित्र हा विषय मुलांना सर्वांत अवघड जातो, कारण बाजार, बसथांबा, विहीर, जत्रा असे काही तरी समोर नसता काढावयाचे असते. धुरंधरांचे खरे वैभव ह्याच विषयात होते. रस्त्यावर, देवळात, लग्नघरी पाहिलेली माणसे त्यांच्या बोटांतून कागदावर इतक्या सहजपणे उतरत की त्यांच्या रेखाटनांची संख्या हजारांत मोजली जाते. पण ती सहजता उपजत नव्हती. तिच्या तळाशी कलाशाळेतल्या त्या कंटाळवाण्या बाह्यरेषांच्या वह्या होत्या.

प्रवेशाला पाच वर्षे झाली, आणि १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात धुरंधरांस सुवर्णपदक मिळाले. ही सोसायटी १८८८ साली स्थापन झाली होती, आणि तिच्या प्रदर्शनांत युरोपियन चित्रकारांचे, लष्करी अधिकाऱ्यांचे आणि त्यांच्या मडमांचे वर्चस्व असे. अशा ठिकाणी हिंदी तरुणाने सुवर्णपदक घेतले ह्याचे आज आपणांस विशेष वाटणार नाही. त्या दिवशी वाटले असणार. त्याच सुमारास स्कूलमध्ये गणपतराव म्हात्रे ह्या दुसऱ्या तरुण विद्यार्थ्याने मंदिराकडे निघालेल्या स्त्रीची ती प्रसिद्ध मूर्ती घडविली आणि मुंबईच्या कलाशाळेतून काय निघू शकते ह्याविषयी साऱ्या देशाचे डोळे उघडले. एका छपराखाली एकाच वेळी असे दोन विद्यार्थी असावेत हा योग संस्थेच्या भाग्याचा.

१८९६ साली धुरंधरांची त्याच स्कूलमध्ये शिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. घरे ओस पडली, लोक गावोगाव पळाले. शहराची ती दशा ज्यांनी अनुभवली त्यांस पुढे तिची आठवणही नको वाटे. अशा काळात पगाराची जागा मिळणे ही घरच्यांस मोठी निश्चिंती होती. पोट भरते का, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते. उरलेले निम्मे त्यांच्या पुढील उद्योगात आहे.

तो उद्योग अफाट होता. संस्थानिकांसाठी तैलचित्रे, पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंग, शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंगांची चित्रे, ज्यांतील राज्याभिषेकाचे चित्र पाठ्यपुस्तकांमुळे आणि छापील प्रतींमुळे महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आहे, मुंबईच्या जीवनावरील विनोदी पोस्टकार्डे, जाहिराती, आणि राजा रविवर्म्यांच्या नावे चाललेल्या छापखान्यासाठी देवादिकांच्या तसबिरी. हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस होता, आणि तेथून निघालेले कागद खेड्यापाड्यांतील झोपडीपर्यंत पोचले. ग्रंथांसाठी काढलेली चित्रे वेगळीच. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स ह्यांचे शहराच्या आडवाटांवरील पुस्तक १९१२ साली निघाले, त्यातली चित्रे धुरंधरांची. आपल्या श्रावणातल्या कहाण्या किंकेड साहेबांनी इंग्रजीत आणल्या आणि १९१४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्याही धुरंधरांच्या चित्रांनी सजल्या. पुढे १९२० साली ऑटो रॉथफेल्ड ह्यांचे हिंदी स्त्रियांवरील पुस्तक आले. त्यात प्रांतोप्रांतीच्या, जातीजातीच्या स्त्रिया त्यांच्या नेसण्यासह, दागिन्यांसह, चालण्याच्या ढबेसह रंगविलेल्या आहेत.

रॉथफेल्ड साहेबांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती आमच्या विषयाशी अगदी लगटून आहे. हेच गृहस्थ कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर असताना अलिबागजवळच्या सासवणे गावी गेले होते, आणि तेथील देवळाच्या भिंतीवर गावातल्या एका पोराने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी त्या पोरास शोधून काढले आणि जे. जे. स्कूलमध्ये पाठविण्याची तजवीज केली. तोच मुलगा म्हणजे पुढे शिल्पकार म्हणून विख्यात झालेले विनायक पांडुरंग करमरकर, ज्यांचा शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा १९२८ पासून पुण्यात उभा आहे. ते स्कूलमध्ये आले तेव्हा धुरंधर तेथे शिक्षक होते. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर, ज्यांच्या हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राने म्हैसूरच्या राजवाड्यातील संग्रहालयाला कीर्ती दिली, तेही ह्याच काळात तेथे शिकले. कोल्हापूर, सासवणे, सावंतवाडी : मुंबईबाहेरची ही गावे. कोणी भिंतीवरचे चित्र पाहिले, कोणी घरातून होकार दिला, म्हणून ती मुले कलाशाळेच्या दारापर्यंत पोचली. ज्यांची चित्रे कोणी पाहिली नाहीत अशांची गणती कोण करणार?

धुरंधरांच्या कलेविषयी आमचे मत विचारले तर आम्ही स्पष्ट सांगू. त्यांच्या देवदेवतांच्या छापील तसबिरींत गोडवा जरा अधिक आहे. मागणी मोठी आणि वेळ थोडा, त्यामुळे एकच मुखवटा निरनिराळ्या देवींना मिळालेला दिसतो. दरबारी तैलचित्रांतही कोठे कोठे पोशाखाचे ओझे माणसापेक्षा जड होते. परंतु जलरंगात आणि पेन्सिलीच्या चार फटकाऱ्यांत ते जेथे रस्त्यावरचा माणूस पकडतात तेथे त्यांच्या जवळपास फिरकणारा दुसरा चित्रकार त्या पिढीत आम्हांस दिसत नाही. आणि स्त्रिया! पाणी भरणाऱ्या, हळदीकुंकवाला निघालेल्या, मूल कडेवर घेऊन गर्दीतून वाट काढणाऱ्या. आपल्या ज्ञातीतील लग्नसमारंभ, त्यातले शालू, नथी, मुंडावळ्या, यजमानिणींची लगबग हे सर्व त्यांनी ज्या ममत्वाने टिपले आहे त्याला आमच्या दृष्टीने इतिहासाचे मोल आहे. शंभर वर्षांपूर्वीची प्रभूंची बायकामाणसे कशी नेसत, कशी बसत, हे जाणण्यास आज आपल्याजवळ छायाचित्रे थोडी आहेत. धुरंधर मात्र आहेत.

शिक्षक म्हणून त्यांची चढती झाली ती सावकाशीने. १९१० साली ते स्कूलचे हेडमास्तर झाले. वरची जागा युरोपियनांची हा अलिखित नियम होता. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले. बर्न्स गेले, १९१९ च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन आले. विलायतेहून येणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबास मुंबई समजून घेण्यास काही वर्षे लागत, आणि ती समजावून सांगण्याचे काम बहुधा खालच्या हिंदी शिक्षकांकडे येई. ह्याविषयी धुरंधरांच्या मनात काही सल असेल तर तो त्यांनी कामात बुडवून टाकला. १९२९ च्या सुमारास नव्या दिल्लीतील सचिवालयात कायदा सदस्यांच्या दालनासाठी भित्तिचित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. आणि १९३० साली डायरेक्टरच्या जागेवर त्यांची हंगामी नेमणूक झाली. ज्या खुर्चीवर स्थापनेपासून एकही हिंदी मनुष्य बसला नव्हता तिच्यावर ते बसले, पण केव्हा? निवृत्तीला वर्षही उरले नव्हते तेव्हा. आम्हांस हा मान आणि हा अन्याय असे दोन्ही एकदमच दिसतात, आणि एकाचा उल्लेख करून दुसरा गाळावा असे वाटत नाही.

जानेवारी १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून आत पाऊल टाकल्यापासून मोजली तर एकेचाळीस वर्षे झाली. ह्या वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत लिहिल्या आणि १९४० साली त्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या नावाने प्रसिद्ध झाल्या. मराठी चित्रकाराने लिहिलेली अशी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी. ज्या घरात चित्रकलेकडे ओढा असलेले मूल आहे त्या घराने हे पुस्तक ग्रंथालयातून मिळवून वाचावे. कला शिकणे म्हणजे रोज वेळेवर जाऊन बसणे, हे त्यात पानोपानी दिसेल.

आता पालकांच्या पहिल्या प्रश्नाविषयी दोन शब्द. महादेवरावांच्या काळी पुढील कलाशिक्षणासाठी साऱ्या इलाख्यात मुंबईचेच एक दार ठोठवावे लागे. आज तसे नाही. राज्याचे कला संचालनालय १९६५ साली स्थापन झाले. इंटरमिजिएटच्या परीक्षा त्याच्याच देखरेखीखाली होतात. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करता येतो. त्यात रंगचित्रण आहे, शिल्प आहे, उपयोजित कला आहे. खुद्द जे. जे. स्कूलला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोरेगावाहून पुणे तासाभराच्या वाटेवर आहे. इंटरमिजिएट आणि बारावी ह्यांच्यामधली दोन-तीन वर्षे तेवढी धोक्याची. ह्या वर्षांत शाळेचा चित्रकलेचा तास बंद होतो, शिकवणीचे तास वाढतात, आणि हात बसतो. ज्या मुलाला पुढे ही विद्या घ्यावयाची आहे त्याच्या हातात ह्या वर्षांत रोज अर्धा तास तरी पेन्सिल राहिली पाहिजे. समोर काय आहे ह्याला महत्त्व नाही; आपल्या आठवडी बाजारातील भाजीवाली आहे, भीमेच्या पुलावरून जाणारी उसाची बैलगाडी आहे, जयस्तंभाकडे येणाऱ्या माणसांची एक जानेवारीची रांग आहे. धुरंधरांनी ह्याहून वेगळे काय काढले?

आणि मुलींविषयी. ज्ञातीतील मुलीने कलाशाळेत जावे काय, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरात आला. त्यांची कन्या अंबिका हिचा जन्म १९१२ चा. मुलींना वर्गात बसविण्याची रीत त्या स्कूलमध्ये तेव्हा नावापुरतीच होती. अंबिकेला चित्रकलेचा ओढा दिसला, आणि वडिलांनी तिला जे. जे. स्कूलमध्ये घातले. तेथील पदविका घेणाऱ्या पहिल्या काही हिंदी विद्यार्थिनींत तिची गणना होते. संस्थानिकांकडील कामासाठी वडील प्रवासास निघत तेव्हा ती बरोबर असे, आणि त्यांच्या शेजारी बसून स्वतःचे चित्र रंगवीत असे. बापलेकींची ही जोडी त्या काळच्या प्रभूंच्या समाजात नवलाईची होती.

१ जून १९४४ रोजी रावबहादूर धुरंधर निवर्तले. त्यांच्या पश्चात खारच्या घरात उरलेली चित्रे, रेखाटनांच्या वह्या, कागदपत्रे ह्यांची राखण अंबिकाबाईंनी केली. मुंबईच्या दमट हवेत कागद जपणे म्हणजे काय हे ज्यांच्या घरी जुन्या पोथ्या आहेत त्यांस सांगावयास नको. त्या स्वतःही चित्रे काढीत राहिल्या आणि आपल्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. २००९ साली, सत्त्याण्णव वर्षांच्या आयुष्यानंतर, त्या गेल्या. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते, आणि कोल्हापुराहून बावीस-तेविसाव्या वर्षी कलाशाळेत शिरलेल्या त्या विद्यार्थ्याच्या हातचे कागद मुंबईकरांनी दालनामागून दालन हिंडून पाहिले.